स्कीमा कोणी बदलला? पोस्टग्रेसच्या इव्हेंट ट्रिगरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी रिपोर्ट कोसळतो. लॉगमध्ये एकच ओळ: अमुक कॉलम अस्तित्वात नाही. काल संध्याकाळपर्यंत तो होता, म्हणजे स्कीमा (डेटाबेसची रचना) कोणीतरी बदलला. टीमच्या ग्रुपवर विचारलं, "कोणी हात लावला होता का?", तर सगळे गप्प.

गावाकडे जमीन असलेल्याला ही अडचण पटकन कळेल. सातबारा आज जमीन कोणाच्या नावावर आहे तेवढं सांगतो. ती तिथवर कशी आली हे पाहायला फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, काढावी लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसचा सिस्टीम कॅटलॉग, म्हणजे टेबलं-कॉलमची त्याची स्वतःची यादी, हा सातबारा आहे. टेबल कधी तयार झालं, एवढी साधी तारीखही तो ठेवत नाही. फेरफाराची वही आपल्यालाच घालावी लागते, आणि त्यासाठीची सोय म्हणजे इव्हेंट ट्रिगर.

खाली कमांड आणि फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये करायची.

नेहमीच्या ट्रिगरपेक्षा हा वेगळा कसा?

नेहमीचा ट्रिगर एखाद्या टेबलाला बांधलेला असतो आणि त्यातल्या ओळी बदलल्या की चालतो. इव्हेंट ट्रिगर अख्ख्या डेटाबेसला बांधलेला असतो आणि क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप, ग्रँट अशा रचनेच्या कमांडवर, म्हणजे डीडीएलवर, चालतो. एका सर्व्हरवर पाच डेटाबेस असतील तर तो पाचही ठिकाणी वेगळा लावावा लागेल. पुढे तयार होणाऱ्या डेटाबेसमध्येही हवा असेल तर टेम्प्लेट१ मध्ये लावून ठेवा, तिथून तो आपोआप उतरतो.

कोणकोणत्या घटनांवर तो लावता येतो?

२०१३ मध्ये आलेल्या ९.३ आवृत्तीत तीन घटना मिळाल्या: डीडीएल_कमांड_स्टार्ट, डीडीएल_कमांड_एंड आणि एसक्यूएल_ड्रॉप. ९.५ मध्ये टेबल_रीराइट आली. त्याच आवृत्तीत आपल्या कामाचं खरं हत्यारही आलं, ते म्हणजे पीजी_इव्हेंट_ट्रिगर_डीडीएल_कमांड्स हे फंक्शन. त्याआधी "काहीतरी ऑल्टर झालं" एवढंच कळायचं. कशावर झालं ते कळायला सी भाषेतली कसरत करावी लागे. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत लॉगिन ही घटना आली, पण तिचा स्कीमाशी संबंध नाही.

मग नोंदीसाठी कोणती घटना धरू?

दोन: डीडीएल_कमांड_एंड आणि एसक्यूएल_ड्रॉप. एकीवर भागत नाही.

बरेच जण स्टार्टपासून सुरुवात करतात, कारण नाव आकर्षक आहे. पण स्टार्टच्या वेळी कमांडचा प्रकार कळतो, ती कोणत्या टेबलावर चालणार ते कळत नाही. ड्रॉपच्या बाबतीत तर ते टेबल मुळात आहे की नाही, हेही तोवर तपासलेलं नसतं. एंडच्या वेळी काम झालेलं असतं, ट्रान्झॅक्शन मात्र कमिट व्हायचं असतं, आणि कॅटलॉगमध्ये नवी रचना दिसत असते. नोंद करायला हीच वेळ योग्य.

नोंदीच्या टेबलात कोणते कॉलम ठेवू?

वेळ, लॉगिन करणारा यूजर, ॲप्लिकेशनचं नाव, क्लायंटचा आयपी पत्ता, ट्रान्झॅक्शनचा क्रमांक, कमांडचा टॅग (तिचा प्रकार, उदा. ऑल्टर टेबल), वस्तूचा प्रकार, वस्तूची पूर्ण ओळख, एक्स्टेन्शनमधून आलं का, आणि चालवलेला मजकूर. यातल्या तीन गोष्टींवर थोडं बोलायला हवं.

वेळेसाठी नाऊ वापरलंत तर ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ मिळेल. एकाच मायग्रेशनमधल्या (रचना बदलणाऱ्या फाइलीतल्या) चाळीस कमांडना सेकंदाच्या अंशापर्यंत तीच वेळ पडते आणि नंतर क्रम लावता येत नाही. क्लॉक_टाइमस्टॅम्प घ्या.

यूजरसाठी करंट_यूजर नको, सेशन_यूजर हवा. फंक्शन सिक्युरिटी डिफायनर (मालकाच्या अधिकारात चालणारं) केलं की करंट_यूजर म्हणजे त्या फंक्शनचा मालक. मग वहीभर एकच नाव, आणि तेही तुमचंच.

आयपीचा कॉलम ठेवा, पण मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शनं वाटून देणारा मध्यस्थ) असेल तर तिथे बाउन्सरचाच पत्ता पडणार. युनिक्स सॉकेटवरून आलेल्याचा तर नलच.

फंक्शन लिहायचं कसं?

परताव्याचा प्रकार इव्हेंट_ट्रिगर द्यायचा. भाषा पीएल/पीजीएसक्यूएल, साध्या एसक्यूएल भाषेत असं फंक्शन लिहिता येत नाही. आत एक फॉर लूप: पीजी_इव्हेंट_ट्रिगर_डीडीएल_कमांड्समधून येणारी प्रत्येक ओळ घ्या आणि नोंदीच्या टेबलात इन्सर्ट करा. टीजी_इव्हेंट आणि टीजी_टॅग ही दोन चलं आयती मिळतात. मग क्रिएट इव्हेंट ट्रिगर लिहून घटना सांगायची आणि हे फंक्शन जोडायचं. हवं तर वेन टॅग इन असं लिहून ठरावीक कमांडपुरतंच मर्यादित करायचं.

फंक्शन ज्याने डीडीएल चालवलं त्याच्या अधिकारात चालतं. म्हणजे नोंदीच्या टेबलात इन्सर्ट करायचा हक्क प्रत्येकाला द्यायला हवा, नाहीतर फंक्शन सिक्युरिटी डिफायनर करायला हवं. दुसरा मार्ग बरा, कारण पहिल्यात कोणीही उठून खोटी नोंद घालू शकतो. मात्र सिक्युरिटी डिफायनर केलंत तर फंक्शनला सर्च_पाथ (नावं कोणत्या स्कीमांत, म्हणजे टेबलांच्या कोणत्या कप्प्यांत, शोधायची तो क्रम) बांधून टाका आणि टेबलाचं नाव स्कीमासकट लिहा. हे विसरणं महागात पडतं.

सगळी ओळ जेसनमध्ये कोंबायचा मोह होतो. तसं करू नका. त्या फंक्शनच्या परताव्यात कमांड नावाचा एक कॉलम आहे, त्याचा प्रकार पीजी_डीडीएल_कमांड. तो सीमधल्या कोडसाठी आहे, त्याला मजकुराचं रूप नाही. जेसन करायला गेलात की तिथेच एरर, आणि त्या एररसोबत बिचाऱ्याचं ऑल्टर टेबलही रद्द. हवे ते कॉलम एकेक नाव घेऊन निवडा.

एकच टेबल तयार केलं, वहीत चार ओळी का?

कारण पोस्टग्रेसने खरंच चार कामं केली. समजा पावत्यांचं टेबल केलं, आयडी सिरियल आणि प्रायमरी की. नोंदीत असं दिसेल: क्रिएट सीक्वेन्स, क्रिएट टेबल, क्रिएट इंडेक्स, आणि सीक्वेन्स त्या कॉलमच्या मालकीचा केला म्हणून ऑल्टर सीक्वेन्स. टीजी_टॅग चारही ओळींत क्रिएट टेबलच राहतो, ओळीतला कमांड_टॅग मात्र बदलतो. दोन्ही साठवा, म्हणजे मागणी कोणती होती आणि त्यातून काय काय घडलं, दोन्ही कळतं.

जाता जाता: टेबलाला 'पावत्या' असं मराठी नाव दिलंत तरी पोस्टग्रेस ते अवतरणचिन्हांशिवाय मुकाट घेतो, पण ओळखीच्या कॉलममध्ये ते दुहेरी अवतरणचिन्हांत येतं. शोधताना हे लक्षात ठेवा. शिवाय नावाची मर्यादा ६३ बाइटची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रे धरून २१. त्यापुढचं नाव कापलं जातं.

ड्रॉप केलेलं काहीच नोंदलं जात नाही. का?

डीडीएल_कमांड्स फंक्शन ड्रॉप केलेल्या वस्तू देत नाही. त्यासाठी एसक्यूएल_ड्रॉपवर दुसरा ट्रिगर आणि त्यात पीजी_इव्हेंट_ट्रिगर_ड्रॉप्ड_ऑब्जेक्ट्स हे फंक्शन.

इथे उलटा त्रास होतो. एक टेबल काढलं की आठ-दहा ओळी सहज येतात: टेबल, त्याचा प्रकार, त्या प्रकाराचा ॲरे, इंडेक्स, कन्स्ट्रेन्ट, डिफॉल्ट, टोस्ट टेबल (मोठी मूल्यं ठेवायचं आतलं टेबल), टोस्टचा इंडेक्स. यातलं कोणाला हवंय? परताव्यात ओरिजिनल आणि नॉर्मल असे दोन कॉलम आहेत. ज्यावर थेट ड्रॉप चालवला ती वस्तू ओरिजिनल. तिच्यावर अवलंबून असल्यामुळे कॅस्केडमध्ये गेलेला व्ह्यू नॉर्मल. टोस्टसारखा आतला पसारा दोन्हीतून बाहेर. ओरिजिनल किंवा नॉर्मल खरं असेल तेवढंच ठेवा, वही वाचण्याजोगी राहते. कॅस्केडचे बळी मात्र वगळू नका. दुसऱ्या दिवशी आरडाओरडा त्यांच्याबद्दलच होतो.

आणि एक सापळा. एसक्यूएल_ड्रॉपला ड्रॉप टेबल या टॅगची चाळणी लावलीत तर काढलेले कॉलम निसटतात. कॉलम काढणारी कमांड ऑल्टर टेबल असते, टॅगही तोच. सकाळचा तो रिपोर्ट ज्या कॉलममुळे पडला, नेमका तोच वहीत नाही, असं व्हायचं. या ट्रिगरला टॅगची चाळणी लावूच नका.

ट्रिगर लावल्यापासून ग्रँट चालत नाही. काय झालं?

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर. नोंदीचं टेबल नीटनेटकं असावं म्हणून मी वस्तूच्या ओळखीच्या कॉलमला नॉट नल लावलं होतं. ओळख नाही अशी वस्तू कशी असेल, हा विचार. टेस्टिंगला टेबल केलं, बदललं, काढलं, सगळं छान. तीन आठवड्यांनी रिपोर्टिंगच्या नव्या यूजरला सिलेक्टची परवानगी द्यायची होती, आणि ग्रँट चालेना. एरर येत होती भलत्याच टेबलाची, त्यामुळे समोरच्याला वाटलं सर्व्हर बिघडला. तासभर परवानग्या तपासण्यात गेला.

कारण साधं आहे. ग्रँट आणि रिव्होकच्या ओळीत टॅग आणि वस्तूचा प्रकार येतो, पण ओळख आणि स्कीमा नल येतात. कोणत्या टेबलावर कोणाला हक्क दिला हे फंक्शन सांगतच नाही. ते चालवलेल्या मजकुरातूनच वाचावं लागतं. ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेसचंही तसंच. नोंदीच्या टेबलावर शक्य तितकी कमी बंधनं ठेवा. वहीचा कागद जाड असला म्हणून व्यवहार अडता कामा नये.

चालवलेली मूळ कमांड कशी मिळवू?

करंट_क्वेरी वापरा, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. क्लायंटने जो मजकूर एका फटक्यात पाठवला तो अख्खा मिळतो. दहा कमांड एकाच स्ट्रिंगमध्ये गेल्या तर दहाही नोंदींत त्या सगळ्या दिसतात. डू ब्लॉकमधून किंवा फंक्शनमधून ऑल्टर झालं तर बाहेरचा डू ब्लॉक किंवा ते फंक्शन बोलावणारं सिलेक्ट दिसतं, आतलं ऑल्टर नाही. शिवाय यूजर मॅपिंगसारख्या कमांडमध्ये पासवर्ड लिहिलेला असतो. तोही जसाच्या तसा वहीत उतरतो. म्हणून हे टेबल वाचायचा हक्क मोजक्याच लोकांना द्या.

नेमका कोणता कॉलम बदलला, आधी काय होतं, हे कळेल का?

आयतं नाही. ऑल्टर टेबलने कॉलम घातला तर ओळीत टेबलाचं नाव येतं, कॉलमचं नाही. नाव बदललं तर नवं नाव मिळतं, जुनं नाही. एसक्यूएल_ड्रॉपच्या वेळी वस्तू कॅटलॉगमधून आधीच गेलेली असते, त्यामुळे तिची व्याख्या तिथे विचारण्यात अर्थ नसतो.

यावर उपाय एकच: बदल झाला की दर वेळी नवी व्याख्या साठवून ठेवायची. आजची 'नवी' हीच उद्याची 'जुनी'. व्ह्यूसाठी पीजी_गेट_व्ह्यूडेफ, फंक्शनसाठी पीजी_गेट_फंक्शनडेफ, इंडेक्ससाठी पीजी_गेट_इंडेक्सडेफ. टेबलासाठी पीजी_ॲट्रिब्यूटमधून कॉलमची नावं, प्रकार आणि नॉट नलची खूण जेसनमध्ये गोळा करा. एकाच टेबलाच्या लागोपाठच्या दोन जेसन शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. फंक्शनांच्या बाबतीत तर हे सोनं आहे. प्रॉडक्शनवर थेट जाऊन कोणीतरी केलेली "छोटीशी दुरुस्ती" गिटमध्ये कधीच नसते.

पहिल्या दिवशी मात्र वही कोरी असते. ट्रिगर लावताना सध्याच्या सगळ्या वस्तूंची एक सुरुवातीची नोंद करून घ्या, नाहीतर पहिल्या बदलाला तुलना करायला काही नसेल.

फसलेल्या किंवा रोलबॅक झालेल्या बदलांची नोंद होते का?

नाही. कमांड एरर होऊन पडली तर एंडचा ट्रिगर चालतच नाही. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तर नोंदही त्यासोबत पुसली जाते. वहीत जे आहे ते खरंच घडलेलं आहे, हा याचा फायदा. कोणी प्रयत्न करून पाहिला हे हवं असेल तर लॉग_स्टेटमेंट डीडीएलवर ठेवा; सर्व्हरच्या लॉगमध्ये ते उरतं. कडक तपासणी लागणाऱ्या ठिकाणी पीजीऑडिट हे एक्स्टेन्शन बघा.

याच्या नजरेतून काय सुटतं?

सर्व्हरभर सामायिक असलेलं सगळं: डेटाबेस, रोल, टेबलस्पेस. ऑल्टर सिस्टीमही. ट्रंकेटही, कारण त्याला टेबलावरचा वेगळा ट्रिगर असतो. आणि खुद्द इव्हेंट ट्रिगरवर चालवलेल्या कमांड. म्हणजे सुपरयूजर ट्रिगर बंद करून, काम उरकून, पुन्हा चालू करू शकतो आणि वहीत त्याचा मागमूस नाही. सेशन_रेप्लिकेशन_रोल ही सेटिंग रेप्लिका केली तरी साध्या पद्धतीने चालू केलेला ट्रिगर गप्प बसतो. त्याला एनेबल ऑलवेज करून ठेवा. सुपरयूजरवर पहारा ठेवायचा असेल तर लॉग दुसऱ्या यंत्रावर जायला हवा. इव्हेंट ट्रिगर चोर पकडायला नाही, विसरभोळ्या सहकाऱ्यांसाठी आहे. माझ्या अनुभवात तोच नव्वद टक्के प्रश्न असतो.

सगळे एकाच यूजरने लॉगिन करतात. मग 'कोणी' कसं कळणार?

कळणार नाही, आणि ट्रिगर याला काही करू शकत नाही. माणसागणिक वेगळं लॉगिन द्या. तोवर निदान कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ॲप्लिकेशन_नेम भरायची सवय लावा.

ट्रिगरमध्येच चूक राहिली आणि आता कोणतंच डीडीएल चालत नाही!

घाबरू नका. पण घाईघाईत फंक्शन दुरुस्त करायलाही जाऊ नका, कारण क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन हेसुद्धा डीडीएलच. तेही त्याच बिघडलेल्या ट्रिगरमधून जाणार आणि पडणार. आधी ऑल्टर इव्हेंट ट्रिगर लिहून डिसेबल करा. या कमांडवर इव्हेंट ट्रिगर चालत नाहीत, त्यामुळे ती नेहमी पार पडते. मग फंक्शन सुधारा, मग एनेबल करा.

लॉगिन ट्रिगर बिघडला तर मात्र आत शिरायचीच पंचाईत. १७ पासून इव्हेंट_ट्रिगर्स नावाची सेटिंग आहे. सुपरयूजरने ती बंद ठेवून कनेक्ट व्हायचं. नाहीतर सिंगल यूजर मोड.

मायग्रेशन टूल आहे, मग याची गरज काय?

फ्लायवे किंवा लिक्विबेस आपापल्या टेबलात स्वतः चालवलेल्या फाइलींची नोंद ठेवतात. टूलला वळसा घालून, रात्री अकराला, एसक्यूएलच्या खिडकीतून थेट झालेला बदल त्यांना माहीत नसतो. इव्हेंट ट्रिगरची खरी किंमत इथेच आहे. ॲप्लिकेशन_नेमवरून टूलच्या नोंदी बाजूला काढा. उरलेली यादी रोज सकाळी एकदा बघा. ती रिकामी असावी. नसली, तर बोलायला माणूस आणि वेळ दोन्ही हातात आहेत.

नुसती नोंद नको, बदल अडवायचाच आहे. जमेल?

जमतं. ट्रिगरमधून एरर फेकली की कमांड रद्द. पण सरसकट अडवणं मला पटत नाही. परवानग्या त्यासाठीच असतात. अपवाद टेबल_रीराइटचा. मोठ्या टेबलातला इंटिजर कॉलम बिगइंट केला की सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर ते पूर्ण कुलूपबंद असतं. वाचताही येत नाही. रीराइट सुरू होण्याआधी हा ट्रिगर चालतो, ओआयडी (टेबलाचा आतला क्रमांक) आणि कारण हाती देतो. टेबल ठरावीक आकारापेक्षा मोठं असेल तर थांबवायचं, आणि सेशनमध्ये मुद्दाम एखादी सेटिंग ठेवली असेल तरच जाऊ द्यायचं, असं करता येतं. व्हॅक्यूम फुल आणि क्लस्टर मात्र याच्या कक्षेत येत नाहीत.

वेग कमी होतो का?

रोजच्या सिलेक्ट-इन्सर्टवर काहीच परिणाम नाही. डीडीएलला एका इन्सर्टचा भार. त्रास होतो तो प्रत्येक रिक्वेस्टला तात्पुरती टेबलं करणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये. तिथे वही काही दिवसांत फुगते. स्कीमाचं नाव पीजी_टेम्प असलेल्या ओळी आणि ड्रॉपमध्ये इज_टेम्पररी असलेल्या ओळी वगळा. इन_एक्स्टेन्शनच्याही.

हा ट्रिगर कोण तयार करू शकतं? क्लाउडवर चालतं का?

सुपरयूजर. ॲमेझॉन आरडीएसवर खरा सुपरयूजर मिळत नाही, पण तिथल्या मुख्य खात्याला ही मुभा आहे. पीजी_डंपमध्ये इव्हेंट ट्रिगरही जातो, त्यामुळे सुपरयूजर नसलेल्याने तो डंप स्वतःच्या यंत्रावर चढवला की त्या एका ओळीवर एरर येते. बाकी डेटा शाबूत असतो.

ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएलमध्ये?

पहिल्या दोघांत डीडीएल ट्रिगर आहेत आणि ते पोस्टग्रेसच्या आधीपासून आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून, आणि तिथे इव्हेंटडेटा एक्सएमएलमध्ये सगळा तपशील आयता देतो. मायएसक्यूएलमध्ये अशी सोय नाही. बायनरी लॉग चाळा.

नोंदीचं टेबलच कोणी ड्रॉप केलं तर?

करून बघा, टेस्टच्या डेटाबेसवर. टेबल निघतं, लगेच एसक्यूएल_ड्रॉपचा ट्रिगर ती गोष्ट नोंदवायला त्याच टेबलाकडे धावतो, टेबल सापडत नाही, एरर येते, आणि ड्रॉप रोलबॅक होऊन टेबल जागच्या जागी परत. ते काढायचंच असेल तर आधी ट्रिगर बंद करावा लागतो. आम्ही हे ठरवून केलेलं नव्हतं. एका नव्या मुलाने चुकून करून दाखवलं.